वेलीची आठवण आणि शेतकऱ्याची वही

(जवळा बाजार येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



विषय कळवला तेव्हा इथल्याच एका स्नेह्यांचा फोन आला. म्हणाले, "अहो, आमच्याकडं हळद, सोयाबीन, तूर, कापूस. द्राक्षाशी आमचं नातं एवढंच, की महाशिवरात्रीला औंढ्याच्या यात्रेत हातगाडीवरून उपासापुरती पावकिलो घ्यायची. तुम्ही जवळ्यात येऊन द्राक्षावर तासभर काय बोलणार?"

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर त्या पावकिलोतच आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

त्यातला एक मणी हातात घ्या. महाशिवरात्र येते फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत. मणी बहुधा नाशिक, सांगली, सोलापूरकडचा, किंवा आपल्या लातूर-धाराशिवचा. त्याच्या वेलीवर कात्री चालली ती ऑक्टोबरात. पण त्या मण्याचं नशीब ऑक्टोबरात लिहिलेलं नाही. या काडीला घड येणार की नुसताच पाला, हे ठरलं त्याच्याही आधीच्या मे-जूनमध्ये, डोळ्याच्या आत, कोणाला दिसत नव्हतं तेव्हा. म्हणजे शिवरात्रीला तुम्ही जे खाता, त्यात गेल्या मे महिन्यातलं ऊन असतं, किंवा त्या उन्हाची कमतरता असते.

आपण आज एका स्मृतीच्या निमित्तानं जमलो आहोत. म्हणून मला हे पीक निवडावंसं वाटलं. हंगाम कसा गेला याची आठवण द्राक्षवेल आपल्या काडीत ठेवते. त्याच द्राक्षाची वाईन केली, तर ती आठवण बाटलीत जाते आणि काही वर्षं तिथं राहते. हंगाम बदलतायत असं आपण सगळेच म्हणतो. पण आपली आठवण आपण कुठं ठेवतो? आजचं सगळं बोलणं या एका प्रश्नाकडं जाणार आहे.

आणखी एक खुलासा. वाईनचं नाव काढलं की मागच्या रांगेत हसू फुटतं. संत नामदेवांची नर्सी याच हिंगोली जिल्ह्यात आहे, समोर माळकरी मंडळीही बसली आहेत. वाईन प्या असं सांगायला मी आलेलो नाही. तिला मी साक्षीदार म्हणून बोलावलंय. हंगामाची साक्ष तिच्याइतकी स्पष्ट फार थोड्या वस्तू देतात.

थंडीची झोप, कात्रीची झोप

द्राक्ष मूळचं थंड मुलखाच्या सवयीचं. फ्रान्समध्ये, इटलीत हिवाळा आला की वेल पानं टाकते आणि झोपते. मार्च-एप्रिलमध्ये डोळे फुटतात, जूनच्या सुमाराला फुलोरा, ऑगस्टमध्ये मण्यांना रंग, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडणी. पुन्हा थंडी, पुन्हा झोप. चिली, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका इथंही हीच फेरी, फक्त सहा महिन्यांनी फिरवलेली. तिथं वेलीचं वर्ष निसर्ग आखून देतो.

आपल्याकडं तसं नाही. नाशिक आणि हिंगोली ही दोन्ही गावं विसाव्या अक्षांशाच्या आसपास. एवढ्या दक्षिणेला वेलीला झोपवण्याइतकी थंडीच पडत नाही. तिला मोकळं सोडलं तर ती वाढतच राहील, मन मानेल तेव्हा फुलेल, आणि नेमकी भर पावसात पिकेल. चौदाव्या शतकात इब्न बतूता हा प्रवासी दौलताबादला आला होता. तिथं द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात, अशी नोंद त्यानं केली आहे. आपल्या मराठवाड्यातल्या द्राक्षाची ही जुनी साक्ष. प्रवाशाला त्याचं कौतुक वाटलं असेल. बागायतदाराला मात्र ती अडचण होती, कारण दोन बहरांतला एक पावसात सापडणार आणि कुजणार.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यानं यावर तोडगा काढला तो कात्रीनं. वर्षातून दोन छाटण्या, पीक मात्र एकच. पहिली छाटणी लाकडासाठी, दुसरी फळासाठी. नाशिककडं पांगाऱ्याच्या झाडांवर वेल चढवून फकडी, भोकरी यांसारख्या जाती पिकवत होते, तेव्हापासूनची ही रीत. मांडव लोखंडी झाले, बिनबियांची थॉमसन आली, तिच्यातून तास-ए-गणेश, सोनाकासारखे वाण शेतकऱ्यांनी स्वतःच्या बागेत निवडले, पण दोन छाटण्यांची चौकट टिकली. युरोपात हंगाम वेलीला झोपवतो. आपल्याकडं शेतकरी वेलीसाठी हंगाम तयार करतो. यासाठी आपल्या बागायतदाराला मी शास्त्रज्ञाच्या पंक्तीत बसवतो. आणि त्याची खरी अडचणही इथंच आहे. त्यानं घडवलेला हा हंगाम बाहेरच्या हंगामाच्या भरवशावर उभा आहे.

एका वेलीचं वर्ष

ही फेरी जरा सावकाश पाहू.

मार्चअखेर ते एप्रिल, खरड छाटणी. फळ निघालेलं असतं, वेल थकलेली असते. ओलांड्यावरच्या, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवरच्या सगळ्या काड्या एक-एक डोळा ठेवून कापतात. बाग उघडीबोडकी दिसते. आठ-पंधरा दिवसांत नवी फूट येते. नको असलेली फेलफूट काढायची, शेंडा मारायचा, सबकेन म्हणजे उपकाडी घ्यायची, काड्या मोजून ठेवायच्या, दोन काड्यांमध्ये ऊन खाली उतरेल इतकी जागा ठेवायची. छाटणीनंतरच्या साधारण चाळिसाव्या ते सत्तराव्या दिवसांत डोळ्याच्या आत एक सूक्ष्म गाठ असते. ती दोन गोष्टींपैकी एक होऊ शकते, घड किंवा बाळी. बाळी म्हणजे आधाराला गुंडाळणारी ती हिरवी तार. वनस्पतीच्या दृष्टीनं घड आणि बाळी ही एकाच गाठीची दोन रूपं. भरपूर ऊन, योग्य ऊब, बेताचं पाणी मिळालं तर घड होतो. आभाळ झाकलेलं राहिलं, अवकाळी पाऊस पडून वेल नुसती वाढीला लागली, तर गाठ बाळीकडं झुकते. बागायतदार याला गर्भधारणा म्हणतात. शब्द अगदी बरोबर आहे. या दिवसांत जे बिघडतं, ते पुढं कुठल्याही फवारणीनं दुरुस्त होत नाही.

आता यातली मेख पाहा. मे महिन्यातलं ढगाळ हवामान त्या वेळी कुणाला टोचत नाही. उलट बरं वाटतं, उकाडा कमी झाला म्हणून. त्याचं बिल येतं ऑक्टोबरात. छाटणी केली, डोळे फुटले, आणि घडाच्या जागी बाळी, किंवा इवलासा गोळी घड, जो चार दिवसांत जिरून जातो. शेतकरी ऑक्टोबरातल्या औषधाला दोष देतो, मजुराला देतो. दोष मे महिन्याच्या आभाळाचा असतो. वेलीच्या लक्षात असतो, आपल्या नसतो.

मग पावसाळा. काडी हिरवीची तपकिरी व्हायला हवी, म्हणजे पक्व व्हायला हवी. तिच्यात अन्नसाठा भरायला हवा. त्यासाठी पानं शाबूत हवीत. करपा आणि डाऊनी या रोगांशी लढाई इथूनच सुरू होते. पान लवकर गळालं तर काडी उपाशी राहते.

सप्टेंबर-ऑक्टोबर, गोडी छाटणी, तीच फळछाटणी. पाणी तोडतात, पानं उतरवतात, काडी डोळे मोजून कापतात आणि डोळ्यांवर हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करतात. हे कशासाठी? युरोपात दोन-तीन महिन्यांची थंडी सगळ्या डोळ्यांना एकदम जागं करते. इथं ती नाही, म्हणून थंडीचं काम औषधाकडून करून घ्यायचं. आठ-दहा दिवसांत पोंगा, म्हणजे डोळ्यातून डोकावणारी कोवळी फूट दिसते, मग घड बाहेर येतो, पस्तीस-चाळीस दिवसांत फुलोरा. हे चाळीस दिवस बागायतदार झोपत नाही म्हटलं तरी चालेल. या काळात पाऊस झाला, पान रात्रभर ओलं राहिलं, की डाऊनी पानावरून थेट घडावर जातो. फुलोऱ्यात पाणी साचलं की घड कुजतो, मणी गळतात. सटाण्याकडचे काही शेतकरी तर ऑगस्टपूर्वीच छाटणी घेतात, कारण त्यांचा माल नाताळच्या आसपास बाजारात गेला तर भाव मिळतो. भर पावसाळ्यात छाटायचं म्हणजे निसर्गाशी लावलेली पैज. जिंकले तर सोनं, हरले तर बाग रिकामी.

डिसेंबर-जानेवारी, थंडी. निफाडचा पारा कधीकधी पाचाच्या खाली जातो. मण्याची वाढ थांबते. मग बागेत शेकोट्या पेटतात, रात्री पाणी सोडतात, म्हणजे जमिनीची ऊब टिकते. ढगाळ गारव्यात भुरीचा रोग येतो. आणि मण्यात पाणी उतरण्याच्या सुमाराला दिवसा ऊन, रात्री कडाका असं झालं, की पांढऱ्या द्राक्षावर गुलाबी झाक येते. तिला पिंक बेरी म्हणतात. चवीत फरक नसतो, पण निर्यातीच्या पेटीत तो मणी चालत नाही.

फेब्रुवारी-मार्च, गोडी. रिफ्रॅक्टोमीटरवर रस ठेवून साखर पाहायची. खायच्या द्राक्षाला सोळा-अठरा ब्रिक्स पुरते. मग तोडणी, पेटी, कंटेनर. नाहीतर बेदाण्याचं शेड.

बाटलीत उतरलेलं आभाळ

आता साक्षीदाराला बोलवू.

वाईन म्हणजे आंबवलेला द्राक्षरस. यीस्ट रसातली साखर खातं आणि मद्यार्क तयार करतं. बावीस ब्रिक्सच्या रसातून साधारण बारा टक्क्यांच्या पुढं मद्यार्क मिळतो. म्हणून वाईनचं द्राक्ष खायच्या द्राक्षापेक्षा जास्त पिकवतात, लाल जातींसाठी बावीस-चोवीस ब्रिक्सपर्यंत. पण साखर हा अर्धाच हिशेब. उरलेला अर्धा आम्लाचा, सालीतल्या रंगाचा आणि टॅनिनचा. टॅनिन म्हणजे कोऱ्या चहाचा जिभेवर जाणवतो तो तुरटपणा.

द्राक्षात मुख्य दोन आम्लं. एक टार्टरिक, ते बऱ्यापैकी टिकतं. दुसरं मॅलिक, जे सफरचंदात असतं. हे दुसरं उष्णतेत जळतं. मणी श्वास घेतो आणि त्या श्वासात ते खर्ची पडतं. रात्र जितकी उबदार, तितकं ते लवकर संपतं. म्हणजे दिवसाचं ऊन साखर वाढवतं आणि रात्रीचा गारवा आंबटपणा राखतो. चांगल्या वाईनला दोन्ही लागतं. नुसती साखर असली तर वाईन जड आणि सपक, नुसतं आम्ल असलं तर कच्ची. फोडणी आणि आमसुलाचा मेळ न जमलेली आमटी आठवा, म्हणजे फार समजावून सांगावं लागणार नाही.

साल मात्र आपल्या वेगानं पिकते. रंग तयार व्हायला ऊन हवं, पण पारा पस्तिशीच्या वर रेंगाळला की रंग धरत नाही. मार्चच्या उन्हात साखर धावत पुढं जाते आणि साल मागं राहते. अशा द्राक्षाची वाईन मद्यार्कानं घसा भाजते, पण तिला अंग नसतं. म्हणून नाशिकच्या वायनरींची धडपड असते ती तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये, कडक उन्हाच्या आधी उरकण्याची. तोडणी पहाटे करतात, म्हणजे मणी गार असतानाच टाकीत जातो. पांढऱ्या वाईनचा रस थंड टाक्यांमध्ये सावकाश आंबवतात, नाहीतर तिचा वास उडून जातो.

इथं एक गंमत आहे. डिसेंबर-जानेवारीतली जी कडाक्याची रात्र पांढऱ्या द्राक्षाच्या निर्यातदाराला पिंक बेरीच्या धास्तीनं झोपू देत नाही, तीच रात्र शिराझ किंवा काबर्ने सोव्हिन्यों या वाईनच्या काळ्या जाती पिकवणाऱ्याला हवीशी असते, कारण काळ्या सालीला रंग चढतो आणि आम्ल टिकतं. रात्र एकच, तालुका एकच. एकाचं नुकसान, दुसऱ्याची प्रत. हंगाम चांगला की वाईट, हे विचारताना "कशासाठी?" हे आधी विचारायला हवं.

दुसरी गंमत आकाराची. खायचा मणी मोठा हवा, म्हणून जीए या संजीवकात घडांच्या बुडवण्या, विरळणी, सगळा आटापिटा. वाईनचा मणी लहान हवा, कारण चव आणि रंग सालीत असतो आणि लहान मण्यात रसाच्या मानानं साल जास्त. आयुष्यभर मणी फुगवायला शिकलेल्या शेतकऱ्याला वाईनसाठी उलटं शिकावं लागलं.

हे शिकणं फार जुनं नाही. 1980 च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीनं फेसाळती वाईन बनवून परदेशात पाठवली. 2000 साली नाशिकच्या सुला वाइनयार्ड्सच्या पहिल्या वाईन बाजारात आल्या. 2001 मध्ये राज्यानं द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क झाले. पुढं नाशिक व्हॅली वाईनला भौगोलिक मानांकन मिळालं. मात्र 2008 नंतरच्या मंदीत मागणी घसरली, तेव्हा कित्येक शेतकऱ्यांनी वाईनच्या वेली उपटल्या. कारण सरळ आहे. हे द्राक्ष लहान, बियांचं. वायनरीनं घेतलं नाही तर बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. चांगला हंगाम माल पिकवून देतो, विकून देत नाही.

बाटलीवर एक साल छापलेलं असतं. युरोपात त्याला मोठा मान, आणि तिथं फुटीपासून तोडणीपर्यंतचं सगळं एकाच सालात मावतं. आपल्याकडं तसं नाही. बाटलीवर 2020 लिहिलं असेल तर तोडणी 2020 च्या सुरुवातीची. पण त्या वेलीनं सोसलेला पाऊस 2019 चा, आणि घड ठरला तो 2019 च्या मे-जूनमध्ये. आणि 2019 चा पाऊस कसा होता, हे या सभेला वेगळं सांगायला नको.

सरकलेल्या तारखा

2019 चा ऑक्टोबर आठवा. दिवाळी पावसात गेली. अरबी समुद्रात आधी क्यार आणि लगेच महा अशी दोन चक्रीवादळं. नाशिकला फळछाटणी झालेल्या बागा पोंग्यात आणि फुलोऱ्यात होत्या. घड कुजले, डाऊनीनं बागा गेल्या. त्याच दिवसांत आपल्याकडं कापून ठेवलेल्या सोयाबीनच्या शेंगांना मोड फुटले. त्यांची बाग आणि आपला सोयाबीनचा ढीग, दोघांवर पडलेला पाऊस एकच. त्याच्या दहा वर्षं आधी, नोव्हेंबर 2009 मध्ये, फयान वादळानं असाच घाव घातला होता. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली, ती तर मराठवाड्यानं अंगावर झेलली. हाताशी आलेलं पीक तासाभरात मातीत.

वादळं पूर्वीही येत. म्हणून वादळांपेक्षा मला एक कोरडी सरकारी नोंद जास्त महत्त्वाची वाटते. 2020 मध्ये हवामान खात्यानं पावसाळ्याच्या सर्वसाधारण तारखा बदलल्या. वायव्य भारतातून मान्सून परतायला लागण्याची तारीख आधी 1 सप्टेंबर होती, ती 17 सप्टेंबर झाली. मुंबईतून परतण्याची तारीख 29 सप्टेंबरवरून 8 ऑक्टोबर झाली. हा एखाद्या वर्षाचा लहरीपणा नव्हे, अनेक वर्षांच्या नोंदींची सरासरी आहे. पाऊस उशिरा जातो, हे खात्यानं लेखी मान्य केलं. आमच्या आजोबांनी बसवलेली ऑक्टोबर छाटणी जुन्या तारखेवर बसलेली होती. आठ-पंधरा दिवस आपल्याला किरकोळ वाटतात. पोंग्यातल्या घडाला ते जन्म-मरणाचे असतात.

छाटणी पुढं ढकलली तर? मग घडाची वाढ ऐन थंडीत सापडते, मणी लहान राहतो, आणि पिकण्याची वेळ मार्च-एप्रिलच्या उन्हात जाते. खायच्या द्राक्षाला ते एकवेळ निभावतं, वाईनच्या द्राक्षाचं आम्ल मात्र जळतं. म्हणजे एका बाजूला पाऊस पुढं सरकतोय, दुसऱ्या बाजूला उन्हाळा अलीकडं येतोय, आणि मधली कोरडी, गार, उन्हाची पट्टी आखडत चालली आहे. महाराष्ट्राचं सगळं द्राक्ष त्या पट्टीवर उभं आहे.

आणि आपली हळदही तिथंच उभी आहे. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. मानांकनाचा अर्थ काय, तर ही चव, हा रंग या मातीचा आणि या हवेचा. हळद काढायची, शिजवायची, वाळवायची ती फेब्रुवारी ते एप्रिलच्या कोरड्या उन्हात. तासगाव-कवठे महांकाळकडं बेदाणा वाळतो तोही याच दिवसांत. मार्चमध्ये एक अवकाळी सर आली की तिकडं शेडमधला बेदाणा काळवंडतो आणि इकडं खळ्यावर पसरलेल्या हळदीचा रंग जातो. माझ्या स्नेह्यांच्या फोनला हे माझं उत्तर आहे. द्राक्ष तुमचं पीक नसेल, पण त्याचा हंगाम तुमचाच आहे.

मग आपण द्राक्ष लावायचं का?

हा प्रश्न चहाच्या वेळी कुणीतरी विचारणारच, म्हणून इथंच सांगतो. तीन गोष्टी तपासा.

पहिली, पाणी कधी आहे? किती आहे हे नंतर. द्राक्षाला पाणी लागतं एप्रिल-मेमध्ये, खरड छाटणीनंतर, गर्भधारणेच्या काळात. त्या वेळी विहिरीत काय असतं ते आठवा. एप्रिल 2016 मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. ते आलं मिरजेहून, म्हणजे द्राक्षाच्या सांगली जिल्ह्यातून. माणसाला प्यायला पाणी रेल्वेनं येतं, त्या महिन्यात वेल पाण्याची वाट पाहत असते. जालना जिल्ह्यातल्या कडवंची गावानं याला उत्तर शोधलं. आधी पाणलोटाची कामं केली, शेततळी घेतली, मग द्राक्ष वाढवलं. क्रम महत्त्वाचा आहे. वेल आधी आणि पाणी मागून, असं करणारे कर्जात गेले.

दुसरी, जमीन. आपली काळी, भारी जमीन कापसाला, हळदीला चांगली. द्राक्षाच्या मुळाला मात्र पाय मोकळे लागतात. पाणी साचलं की मूळ गुदमरतं. डॉगरिज, 110 आर यांसारख्या खुंटांवर कलम केल्यानं क्षार आणि पाण्याचा ताण सोसतो, पण दलदल कुठलाच खुंट सोसत नाही. निचरा नसेल तर नाद सोडा.

तिसरी, ऑक्टोबर. निफाड, तासगाव हा सह्याद्रीच्या पाठचा कमी पावसाचा पट्टा. हिंगोलीत पाऊस त्याहून बराच जास्त. परतीच्या पावसात चाळीस दिवस घड सांभाळायचा, तर फवारण्यांचा खर्च आणि प्लॅस्टिकच्या आच्छादनाचं भांडवल हवं. आच्छादनाखाली बागा वाचतात, पण ते एका वादळात फाटतं.

पुण्याजवळ मांजरीला 1997 पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांना माती-पाण्याचा अहवाल दाखवल्याशिवाय एक काडीही लावू नये. माझं मत विचाराल तर सरसकट द्राक्ष लावा असं मी हिंगोलीला सांगणार नाही. वाईनचं द्राक्ष तर खरेदीचा करार हातात असल्याशिवाय मुळीच नाही. पण द्राक्षाकडून एक सवय मात्र जरूर घ्या, आणि तीच सांगून थांबतो.

मजुरीच्या वहीतला हंगाम

फ्रान्समध्ये बर्गंडी भागात बोन नावाचं गाव आहे. वाईनचं गाव. तिथं द्राक्षतोडणी कोणत्या दिवशी सुरू झाली, याच्या 1354 पासूनच्या तारखा संशोधकांनी जुळवल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध केल्या. सहाशे चौसष्ट वर्षांची अखंड माळ. त्यातून दिसलं ते असं. 1987 पर्यंत तोडणी सरासरी 28 सप्टेंबरच्या सुमाराला सुरू व्हायची. 1988 पासून ती सरासरी तेरा दिवस अलीकडं आली. कोण म्हणतं हवा बदलली, कोण म्हणतं नाही बदलली, हा वाद तिथं उरला नाही. तारखा समोर होत्या.

या तारखा लिहून ठेवल्या कुणी? कुठल्या हवामान खात्यानं नव्हे. 1354 मध्ये थर्मामीटरच नव्हता. तोडणीला आलेल्या मजुरांना पगार दिल्याच्या नोंदी आणि गावच्या सभेनं तोडणीचा दिवस ठरवल्याची कागदपत्रं, यांतून त्या मिळाल्या. हंगामाचा इतिहास लिहितोय असं त्यातल्या कुणाच्या मनातही नव्हतं. ते फक्त मजुरीचा हिशेब ठेवत होते. साडेसहाशे वर्षांनी तोच हिशेब जगाच्या कामी आला.

आपल्या घरी असा हिशेब असतो की नाही? हळद काढणीच्या बायकांची हजेरी, सोयाबीन मळणीचं बिल, मोंढ्यातल्या अडत्याची पट्टी. प्रत्येकावर तारीख असते. आपण ती दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत घालतो आणि मग पारावर बसून म्हणतो, "पूर्वी असं नव्हतं." पूर्वी कसं होतं? सांगता येत नाही. नुकसानभरपाई मागायला गेलो तरी सांगता येत नाही, विम्याच्या माणसासमोर सांगता येत नाही, पोराला पेरणीची तारीख समजावतानाही सांगता येत नाही. वेल मे महिन्याचं ऊन विसरत नाही. आपण मागच्या वर्षीचा पाऊसही विसरतो.

म्हणून माझी विनंती एवढीच. उद्या सकाळी जवळ्याच्याच बाजारातून एक जाड पुठ्ठ्याची वही घ्या. पहिल्या पानावर शेताचा गट नंबर लिहा. त्यानंतर चारच रकाने करा. पहिला पेरणीलायक पाऊस कोणत्या तारखेला पडला. फूल कधी लागलं. काढणी कधी सुरू झाली. शेवटचा पाऊस कधी पडला. वर्षाला एक पान पुरे. घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोरीला लिहायला सांगा, तिचं अक्षर तुमच्यापेक्षा चांगलं असतं. आणि ती वही सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवा, रद्दीत नको.